दुष्काळाचे माप

जुन्या घरांतून धान्याच्या कणगीजवळ पायली, शेर, मापटे, चिपटे अशी मापे ओळीने मांडलेली असत. खळ्यावर बलुतेदारांस धान्य घालताना घरधनी ते माप शिगोशीग भरतो की काठावरून हात फिरवून सपाट करतो, ह्यावरून त्या घराची दानत गावात ठरत असे; आणि 'मापात पाप' करणाऱ्याची गणना चोराहूनही खालच्या पंक्तीत होई. घरधन्याची जी गोष्ट तीच राजसत्तेची. सुकाळात सर्वच राज्ये उदार दिसतात. परंतु पाऊस तोंड फिरवितो, कणग्या रिकाम्या होतात आणि उपाशी प्रजा दारात उभी राहते, त्या वेळी सरकार कोणते माप बाहेर काढते व ते कसे भरते, ह्यावरून त्या सरकारचे खरे तत्त्वज्ञान कळून येते. गेल्या दीडशे वर्षांतील आपल्या इकडील दुष्काळांचा इतिहास ह्या एका दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखात आमचा विचार आहे.

दुष्काळ महाराष्ट्रास नवा नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण शतकानुशतके लोकांच्या तोंडी राहिली. १६३० च्या सुमारास दख्खन व गुजरात ह्यांवर जे संकट कोसळले त्यात देहूच्या तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून मृत्यू पावली. त्या काळच्या दुष्काळाचे स्वरूप समजण्यास सोपे आहे. पाऊस नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून धान्य नाही. बाहेरून येईल ते लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर आणतील तेवढेच, आणि वाटेत चारापाणी नसेल तर तेही नाही. राजे सारा सोडीत, धनिक अन्नछत्रे घालीत. ज्यास जे सुचे ते तो दयाबुद्धीने व धर्मबुद्धीने करी. ह्या दयेची किंमत कमी लेखण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु दयेस ठरलेले माप नसते, आणि घेणाऱ्याने माप अपुरे आहे असे म्हणावयाची सोयही नसते, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

१८७६ साली दख्खनवर पावसाने डोळे वटारले तेव्हा परिस्थिती पालटली होती. पुण्याहून सोलापुरावरून रायचूरपर्यंत आगगाडी धावू लागून काही वर्षे झाली होती. आता एका प्रांतात पीक बुडाले तरी दुसऱ्या प्रांतातील धान्य काही दिवसांत येऊन पोहोचेल आणि दुष्काळ ही गोष्ट केवळ कहाण्यांपुरती उरेल, अशी पुष्कळांची समजूत होती. ती खोटी ठरली. आगगाडी धान्य आणते हे खरे. परंतु भूक जेथे आहे तेथे ती ते नेत नाही, पैसा जेथे आहे तेथे नेते. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे ह्या जिल्ह्यांतील शेतमजुराचे काम पाऊस गेल्याच दिवशी संपले होते. विणकराचे गिऱ्हाईक नाहीसे झाले होते. आणि धान्याचे भाव मात्र चढत होते. ज्याच्या गाठीस पैसा नाही त्याच्या डोळ्यांदेखत पोती आली काय आणि गेली काय, सारखेच. सरकारने व्यापारात हात घालावयाचा नाही, हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांचा बाणा होता. ह्याच दुष्काळाच्या काळात हिंदुस्थानातून विक्रमी असा ६४ लक्ष हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे ३ लक्ष २० हजार टन, गहू इंग्लंडला रवाना झाला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले. आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल ह्यांस दुष्काळी मुलुखात खर्चावर नजर ठेवण्यासाठी धाडण्यात आले.

टेंपलसाहेबांची कथा मोठी शिकवण देणारी आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ साली, बिहारात दुष्काळ पडला तेव्हा ह्याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लक्ष टन तांदूळ आणविला, लोकांस काम व अन्न दिले, आणि भूकबळींची संख्या जवळजवळ शून्यावर ठेवली. एवढ्या मोठ्या यशाबद्दल त्यांस शाबासकी मिळावयाची. पण मिळाला तो उधळेपणाचा ठपका. मनुष्य हुशार होता. त्याने धडा घेतला. १८७७ साली दख्खनमध्ये व मद्रासेकडे आल्यावर त्यांनी दुष्काळी कामावरील मजुरास जगण्यापुरते कमीतकमी किती लागते, ह्याचा शोध आरंभिला, आणि दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे हे पुरुषाचे माप ठरविले. स्त्रिया व मुले ह्यांचे माप त्याहून लहान. हीच इतिहासात 'टेंपल मजुरी' म्हणून कुप्रसिद्ध झाली. मजुरीस जोडून कसोट्याही आल्या. जो खरोखर उपाशी असेल तो घरापासून कित्येक मैल दूर छावणीत येऊन राहील, ही अंतराची कसोटी. आणि जो खरोखर उपाशी असेल तो एवढ्या अल्प वेतनावरही दिवसभर खडी फोडील, ही श्रमाची कसोटी. ह्या साऱ्या योजनेच्या मुळाशी एकच भीती होती; ती ही, की सरकारी अन्नाची चटक लागून रयत आळशी बनेल. उपाशी माणसे मरतील ही भीती दुसऱ्या क्रमांकाची.

ह्या मापास पहिला आक्षेप एका सरकारी नोकरानेच घेतला, हे सांगितले पाहिजे. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी म्हटले की, कष्टाचे काम करणाऱ्या माणसास निदान दीड पौंड धान्य पाहिजे. आणि तेही नुसते धान्य उपयोगाचे नाही, बरोबर डाळ, भाजीपाला असे काहीतरी अंगी लागणारे पाहिजे. पोट भरणे निराळे आणि देह टिकणे निराळे, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. शेवटी आम्हांस त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

दुसरा आक्षेप खुद्द मजुरांनी घेतला. मजुरीचा पूर्वीचा दर तोडल्याचे कळताच १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो दुष्काळग्रस्त मजूर कामे सोडून निघून गेले. ज्यांच्या पोटात अन्न नाही त्यांनी संप करावा, ही गोष्ट तोपर्यंत कोणाच्या कल्पनेतही आली नसेल. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी ह्यांनी, मजुरांची बाजू उचलून धरली. सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली, आणि त्या कामामागे न्यायमूर्ती रानडे ह्यांची बुद्धी होती. इकडे जोतीराव फुले व त्यांचे सत्यशोधक सहकारी ह्यांनी धनकवडीस मुलांच्या अन्नाची व आसऱ्याची सोय केली. वासुदेव बळवंत फडके ह्यांनी दख्खनमधून फिरताना जी उपासमार पाहिली तिनेच त्यांस १८७९ च्या बंडाकडे लोटले, असे त्यांच्या आत्मवृत्तावरून दिसते. एकाच दुष्काळातून अर्ज, सेवा आणि बंड असे तीन मार्ग फुटले. तिघांचाही राग मात्र एकाच मापावर होता. १८७६ ते १८७८ ह्या काळात दक्षिण हिंदुस्थान, दख्खन व इतर प्रदेश मिळून किती माणसे दगावली ह्याचे अंदाज ५५ लक्षांपासून जवळजवळ एक कोटीपर्यंत जातात. अंदाजातच चाळीस लक्षांहून अधिक माणसांचा फरक पडावा, ह्यावरून त्या माणसांची मोजदाद किती आस्थेने झाली असेल हे समजून घ्यावे.

ह्या संहाराने सरकारही हादरले. सर रिचर्ड स्ट्रेची ह्यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमण्यात आला व त्याचा अहवाल १८८० साली बाहेर पडला. त्याच्या आधारे १८८३ साली दुष्काळ संहितेचा, म्हणजे ज्यास आपले लोक पुढे 'फॅमिन कोड' ह्याच नावाने ओळखू लागले त्या नियमावलीचा, मसुदा प्रांतोप्रांती गेला. ह्या संहितेविषयी आम्ही केवळ निंदेचे उद्गार काढणार नाही. दुष्काळाचा पहिला घाव शेतमजुराच्या मजुरीवर बसतो, नुसत्या धान्याच्या साठ्यावर नव्हे, ही गोष्ट आयोगाने स्वच्छ ओळखली होती. पाऊस लांबला की गावकामगारांनी काय कळवावे, चाचणीची कामे केव्हा उघडावी, त्यांवर लोकांची रीघ लागली की मोठी कामे कोठे काढावी, ज्यांच्याने काम होत नाही अशा वृद्ध, पंगू व बालकांस धर्मादाय मदत कशी द्यावी, सारा तहकूब केव्हा करावा, तगाई कोणास मिळावी, ह्या सर्वांची तीत बारकाईने व्यवस्था होती. पूर्वी जे एकेका अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे ते आता कागदावर आले. हा लाभ लहान नव्हे.

परंतु संहितेत एक मोठी उणीव होती, आणि ती जाणूनबुजून ठेविलेली होती. ती संहिता म्हणजे कायदा नव्हे; वरिष्ठाने कनिष्ठास दिलेली ती आज्ञा होती. कलेक्टराने ती मोडली तर सरकार त्यास जाब विचारील. उपाशी माणसास मात्र तो अधिकार नाही. माप ठरले, लिहिले गेले, छापले गेले. पण ज्याच्या पदरात ते पडावयाचे त्यास ते वाचून दाखविण्याची गरज कोणास वाटली नाही.

ही गरज १८९६ साली टिळकांस वाटली. त्या वर्षी पुन्हा पाऊस गेला. सार्वजनिक सभा तेव्हा टिळकांच्या हाती आली होती. सभेने संहितेतील कलमांचे मराठी भाषांतर छापून वाटले. सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी जाऊन रयतेस सांगू लागले की, अमुक स्थितीत सारा तहकूब व्हावयास पाहिजे, अमुक स्थितीत काम मिळावयास पाहिजे, हे सरकारनेच लिहून ठेविले आहे. तेव्हा भीक मागू नका, हे मागा. आमच्या मते मराठी मुलुखातील राजकीय शिक्षणाचा हा एक अत्यंत महत्त्वाचा धडा होता, आणि इतिहासलेखकांनी त्याकडे पाहावे तितके पाहिलेले नाही. सरकारचेच पुस्तक सरकारपुढे उघडून धरण्यात राजद्रोह तो कोणता? तथापि नियमास हक्काचे रूप येते आहे हे दिसताच सरकारचा धीर सुटला, आणि १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली. माप सरकारचे असावे ह्याबद्दल वाद नव्हता. ते उपाशी माणसाच्या हाती जाऊ नये एवढ्यासाठी सारा खटाटोप होता.

संहिता म्हणजे हक्क नव्हे ह्या उणिवेचा पुरता परिणाम पाहावयाचा असेल तर काही क्षण महाराष्ट्र सोडून बंगालकडे वळले पाहिजे. १९४३ साली बंगालात जो अनर्थ झाला त्यापूर्वी पाऊस गेला होता असे नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात मेदिनीपुराकडे वादळ झाले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथील तांदूळ बंद झाला. लष्करी खर्चाने भाव भडकले. तरी प्रोफेसर अमर्त्य सेन ह्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जो हिशेब मांडला आहे त्याप्रमाणे १९४३ मधील धान्याचा पुरवठा मागील पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्केच कमी होता, आणि १९४१ च्या मानाने तर तो सुमारे १३ टक्के अधिक होता. १९४१ साली दुष्काळ पडला नाही. १९४३ साली पडला. कलकत्त्यातील कारखान्यांच्या कामगारांस धान्य पुरविण्याची सोय झाली; खेड्यातील भूमिहीन मजूर व मच्छीमार ह्यांची मजुरी मात्र तांदळाच्या भावामागे लंगडत राहिली, आणि ते मेले. वुडहेड आयोगाने मृतांचा आकडा १५ लक्ष धरला. पुढील पुष्कळ अभ्यासकांनी तो ३० लक्षांच्या आसपास नेला आहे.

मग दुष्काळ संहिता कोठे होती? ती कपाटात होती. बंगाल सरकारने दुष्काळ पडल्याचे जाहीरच केले नाही. जाहीर केले की संहितेत लिहिलेले माप द्यावे लागणार, आणि तितके धान्य देण्यास आपल्यापाशी नाही, असे बंगालच्या हंगामी गव्हर्नराने व्हाइसरॉयास कळविले होते. ह्याहून स्पष्ट कबुली दुसरी कोणती पाहिजे? रोगाचे नाव घेतले तर औषध द्यावे लागेल, म्हणून नावच घ्यावयाचे नाही! ज्या नियमाविरुद्ध रोगी दाद मागू शकत नाही, तो नियम वैद्याच्या सोयीने झोपी जातो.

नावाची ही भीती परकी सरकाराबरोबर गेली असे वाटून घेण्याचे कारण नाही. १९६३ साली महाराष्ट्र विधिमंडळाने एक विलक्षण कायदा केला. राज्यास लागू असलेल्या सर्व कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून त्याच्या जागी टंचाईवाचक शब्द घालावा, असा तो कायदा. कारण असे दिले गेले की, राज्यातील शेतीच्या स्थितीवर सरकारची सतत नजर असते व टंचाई दिसताच उपाय योजले जातात. सबब दुष्काळाची स्थिती उद्भवण्यास आता वावच उरलेला नाही. हेतू कदाचित चांगला असेल. परंतु विधिमंडळाने शब्द खोडला तरी मृग नक्षत्रास त्याची वर्दी गेली नव्हती. १९७० पासून लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला, आणि १९७२ साली महाराष्ट्राच्या बहुतेक भागात खरीप व रब्बी दोन्ही हातची गेली.

आमचा जन्म ह्याच दुष्काळातला. आमची आजी व मातोश्री माणदेशातील एका पाझर तलावाच्या कामावर होत्या. बाभळीच्या फांदीस बांधलेल्या झोळीत आम्हांस निजवून त्या माती वाहत. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीस चव नव्हती, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी मुले हातावर घेऊन चाटून खात, हे त्यांच्या तोंडून आम्ही कितीदा तरी ऐकले आहे. मुकादमाने हजेरीपटावर खाडा मांडला तर बायका त्याच्याभोवती गोळा होऊन पुस्तक उघडावयास लावीत, हेही आजी सांगे. आणि सांगताना तिचा स्वर केविलवाणा नसे. आम्ही पुढे महाविद्यालयात इंग्रजी ग्रंथांतून दुष्काळाची मीमांसा वाचली, तेव्हा त्यातील पुष्कळशी आम्हांस घरीच मिळाली होती असे वाटले.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लक्ष माणसे होती. राज्याची लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेप्रमाणे ५.०४ कोटी, म्हणजे दहांत एक मनुष्य खडी फोडीत किंवा माती वाहत होता. हाल झाले, गुरे कसायाच्या दावणीस गेली, कुटुंबे परागंदा झाली. परंतु १८७७ सारखा किंवा १९४३ सारखा संहार झाला नाही. धान्य १९४३ च्या बंगालाप्रमाणे येथेही अपुरेच होते. फरक पडला तो दोन गोष्टींनी. मजुरी मिळाल्यामुळे मजुराच्या हाती धान्य विकत घेण्याचे साधन राहिले, ही एक. आणि मोर्चे, वर्तमानपत्रे व विधिमंडळ ह्यांमुळे त्यास ओरडता येत होते, ही दुसरी. त्याच सुमारास मुंबईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. माप अपुरे आहे असे म्हणावयाची सोय आता झाली होती.

ह्या अनुभवातून जी रोजगार हमी योजना उभी राहिली ती महाराष्ट्राची भारतास मिळालेली देणगी होय. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे ह्यांनी सांगली जिल्ह्यात विसापूर भागात १९६५ साली तिचा प्रयोग करून पाहिला होता. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ ह्यांनी दारिद्र्याचे माप उष्मांकांत मांडले. रोज माणशी २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्यास झेपत नाही तो दरिद्री, असे त्यांनी धरले, आणि हाताला काम देणे हाच त्यावरील मुख्य उपाय म्हणून सांगितला. १९७७ साली हमीचा कायदा मंजूर झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील ज्या प्रौढ व्यक्तीस अंगमेहनतीचे काम पाहिजे असेल तिने ते मागावे. पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास सरकारने तिला बेकारी भत्ता द्यावा. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे जवळजवळ नाममात्र. पण 'मागावे' हे क्रियापद सरकारी कागदात प्रथमच उपाशी माणसाच्या वाट्यास आले. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक ह्यांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. आमच्या वेतनातून तो आजही कापला जातो, आणि त्याबद्दल कुरकुर करणारे सहकारी भेटले की आम्हांस त्या झोळीची आठवण होते. ह्या योजनेत खोटे हजेरीपट, थकलेली मजुरी, अर्धवट कामे हे दोष पुष्कळ निघाले. ते झाकण्याचे कारण नाही. तथापि टेंपलसाहेबांची श्रमाची कसोटी आणि पागे ह्यांची श्रमाची हमी ह्यांत खडी तीच, हातोडा तोच असूनही जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकीत उपाशी माणसाची परीक्षा सरकार घेते. दुसरीत सरकारची परीक्षा उपाशी मनुष्य घेतो. २००५ साली संसदेने सर्व देशासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यापुढे कित्ता महाराष्ट्राचाच होता.

पुढील पायरी न्यायालयाने चढविली. २००१ साली सरकारी कोठारांत पाच कोटी टनांहून अधिक धान्य साठले असता राजस्थानात लोक उपाशी होते, ही विसंगती घेऊन एक अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून शाळांत शिजविलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश निघाला, आणि अखेर २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. ग्रामीण भागातील ७५ व नागरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांस दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क त्याने दिला. २०२३ पासून हे धान्य मोफत झाले, आणि सुमारे ८० कोटी लोकांस त्याचा आधार आहे. लॉर्ड लिटन ह्यांच्या दरबारापासून येथवरचा प्रवास पाहता मन कृतज्ञ झाल्यावाचून राहत नाही.

येथे एक जुना आक्षेप नव्या वेषात पुढे येतो. फुकट धान्याने लोक आळशी झाले, शेतात मजूर मिळत नाही, असे सुशिक्षितांच्या बैठकीत आपण नेहमी ऐकतो. त्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, हे वाक्य १८७७ सालचे आहे. ५० लक्ष माणसे वैशाखाच्या उन्हात खडी फोडताना ह्या देशाने पाहिली आहेत. त्यांच्या कष्टाळूपणाचा पुरावा पुन्हा मागणे आम्हांस शोभत नाही. महिन्याला ५ किलो म्हणजे रोजचे सुमारे १६७ ग्रॅम. तेवढ्यावर कोणाचे आयुष्य निघत नाही. फार तर उरलेल्या मजुरीत तेलमीठ येते.

कसोट्यांचे युगही पुरते संपलेले नाही. ज्यांस धान्य द्यावयाचे त्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवरून ठरविलेली आहे. त्यानंतर जन्मलेल्यांनी वाट पाहावी. स्वस्त धान्य दुकानात यंत्रावर अंगठा उठवावा लागतो. आणि उसाच्या फडात व बांधकामावर झिजलेल्या बोटांची रेषा यंत्रास वाचता येत नाही, असे होते. ज्या श्रमाची कसोटी लावून एकेकाळी अन्न मिळे, त्याच श्रमाच्या खुणेने आता ते अडावे, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा की दुष्काळात तेरावा महिना?

परंतु सर्वांत मोठी उणीव मापाच्या जातीतच आहे, आणि येथे डॉ. कॉर्निश ह्यांचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. आमचे माप अजून धान्याच्या वजनाचे आहे. एक पौंड असो, पाच किलो असो, त्यात डाळ नाही, भाजी नाही, दूध वा अंडे नाही. अन्नसुरक्षेच्या कायद्याने लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस आहाराचा हक्क दिला आहे हे खरे, आणि महाराष्ट्राने २०१५ पासून आदिवासी भागातील मातांस एक वेळचा चौरस आहार देण्याची योजनाही चालविली. तरी परिणामाकडे पाहता समाधान मानता येत नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. ज्या महाराष्ट्राने हमीचा कित्ता घालून दिला त्यात हे प्रमाण ३५.२ टक्के आहे, आणि उंचीच्या मानाने ज्यांचे वजन कमी आहे अशी मुले येथे २५.६ टक्के आहेत. ही मुले १८७७ च्या अर्थाने उपाशी नाहीत. त्यांच्या घरात तांदूळ किंवा गहू आहे. दुष्काळ आपण जिंकला. भूक मात्र खालच्या आवाजात बोलावयास शिकली आहे. मेळघाटातील एखादे मूल साध्या तापाने जाते, तेव्हा दाखल्यावर तापाचे नाव येते, भुकेचे येत नाही. नाव न घेण्याची ती जुनी सवय येथेही आपले काम करीतच आहे.

इतिहासाचा निष्कर्ष आमच्या समजुतीप्रमाणे असा निघतो. केवळ दया १६३० साली अपुरी पडली. आगगाडी १८७७ साली अपुरी पडली. लेखी नियम १९४३ साली अपुरा पडला. ज्या ज्या वेळी माणसे वाचली, त्या त्या वेळी मापावर बोट ठेवून 'हे कमी आहे' असे म्हणण्याचे सामर्थ्य घेणाऱ्याच्या अंगी आले होते. मजूर म्हणू शकले, आमच्या आजीसारख्या निरक्षर बायकाही हजेरीपट उघडावयास लावून म्हणू शकल्या. दोन वर्षांच्या मुलास मात्र ते म्हणता येत नाही. त्याला मोर्चा काढता येत नाही, अर्जावर अंगठा उठविता येत नाही. त्याच्या वतीने अंगणवाडीतील वजनकाट्यावरचा आकडा वाचून जाब विचारणारा कोणीतरी पाहिजे, आणि सुशिक्षितांनी ते काम आपले मानले पाहिजे. सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी संहितेचे भाषांतर करून गावोगाव नेले; आज कायदा मराठीतच उपलब्ध आहे. तो घेऊन गावात जाणारे तेवढे कमी झाले आहेत.